दंतवल्क-बंध परीक्षण

दातातील पोकळी भरण्यासाठी वापरलेले द्रव्य दाताच्या दंतवल्काला (बाहेरील कठीण आवरणाला, म्हणजेच एनॅमलला) किती घट्टपणे चिकटते, हे मोजण्याच्या प्रयोगशालेय पद्धतींना दंतवल्क-बंध परीक्षण म्हणतात. काढलेल्या दातावर भरणद्रव्याचा लहान ठोकळा चिकटवून तो ओढून वा सरकवून तोडला जातो. तोडण्यास लागलेल्या प्रेरणेला चिकटलेल्या क्षेत्रफळाने भागले की येणाऱ्या आकड्यास बंधसामर्थ्य असे नाव आहे. ते मेगॅपास्कल या एककात सांगतात. एक मेगॅपास्कल म्हणजे दर चौरस मिलिमीटरास एक न्यूटन. भरणाच्या व दाताच्या दरम्यान फट पडली, तर तीतून लाळ व जंतू आत शिरतात, कडेला डाग पडतो आणि भरणाखाली दात पुन्हा किडतो. उलट बंध भरवशाचा असेल, तर भरण अडकवून ठेवण्यासाठी निरोगी दात कोरावा लागत नाही. दंतवैद्याने दाताचा किती भाग कापावा, हा प्रश्न अशा रीतीने या परीक्षणांशी निगडित आहे. मात्र बंधसामर्थ्य हा पदार्थाच्या घनतेसारखा किंवा वितळबिंदूसारखा ठरीव गुणधर्म नाही. तो आकडा पदार्थाइतकाच परीक्षणाच्या पद्धतीचाही असतो, आणि हे ध्यानात न घेता केलेल्या तुलना दंतवैद्यकात पुष्कळ आहेत.

पार्श्वभूमी : चांदीचे भरण म्हणून परिचित असलेले पारदमिश्रण दाताला चिकटत नाही. म्हणून पोकळी तोंडाशी अरुंद व तळाशी रुंद अशी कोरून भरण तिच्यात अडकवावे लागते. अमेरिकन दंतवैद्य ग्रीन व्हार्डिमन ब्लॅक यांनी १९०८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात पोकळी कोरण्याचे जे नियम घालून दिले, त्यांतील बराच भाग या अडचणीतून आलेला आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर दाताच्या रंगाची ॲक्रिलिक भरणे प्रचारात आली. ती दिसावयास चांगली, पण घट्ट होताना आकसणारी व दातापासून सुटणारी होती.

या अडचणीवरील उपाय न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथील ईस्टमन दंत-चिकित्सालयात काम करणाऱ्या मायकेल बुओनोकोर यांनी १९५५ मध्ये सुचविला. रंग किंवा रेझिनाचा लेप चांगला बसावा म्हणून धातूच्या पृष्ठभागावर फॉस्फोरिक अम्लाची प्रक्रिया करण्याची पद्धत उद्योगधंद्यांत रूढ होती. तीच दंतवल्कावर करून पाहावी, असे त्यांना वाटले. त्यांनी काही व्यक्तींच्या पुढच्या दातांवर ८५ टक्के फॉस्फोरिक अम्ल ३० सेकंद लावले, ते धुऊन दात कोरडा केला आणि त्यावर ॲक्रिलिकचे लहान थेंब बसविले. नुसत्या दातावरील थेंब काही तासांतच निघून आले. अम्ल लावलेल्या दातांवरील थेंब मात्र कित्येक आठवडे टिकले. या पहिल्या परीक्षणात यंत्र नव्हते आणि मेगॅपास्कलही नव्हते. थेंब प्रत्यक्ष तोंडात, खाणेपिणे व दात घासणे चालू असताना, किती काळ टिकला एवढेच मोजले गेले होते. पुढील काळात हे मापन तोंडातून प्रयोगशाळेत गेले. त्यामुळे ते सोपे व जलद झाले, पण मूळ प्रश्नापासून थोडे दूरही गेले.

बंधाचे स्वरूप : दंतवल्काच्या वजनापैकी सु. ९६ टक्के भाग खनिजाचा असतो. उरलेल्या भागात पाणी व अत्यल्प कार्बनी द्रव्य असते. खनिज हायड्रॉक्सिॲपेटाइटाच्या जातीचे असून त्याचे सूक्ष्म स्फटिक सु. ५ मायक्रोमीटर जाडीच्या शलाकांमध्ये रचलेले असतात. दंतवल्काच्या आतील दंतिनापासून या शलाका बाहेरील पृष्ठभागाकडे जातात. अम्लाने पृष्ठभागाचा सु. १० मायक्रोमीटर थर विरघळून जातो आणि त्याखाली काही मायक्रोमीटर ते काही दशक मायक्रोमीटर खोलीपर्यंत सच्छिद्र थर तयार होतो. या क्रियेस येथे अम्लकोरण म्हटले आहे. कोरलेला पृष्ठभाग नीट कोरडा केला म्हणजे खडूसारखा पांढुरका व निस्तेज दिसतो. अम्लाने आपले काम केले की नाही, हे दंतवैद्य आजही याच खुणेवरून ओळखतो.

पातळ रेझीन या रंध्रांत केशाकर्षणाने शिरते व तेथेच बहुवारिकीकरणाने घट्ट होते. ग्विनेट व मात्सुई यांनी १९६७ मध्ये दंतवल्क विरघळवून मागे उरलेले रेझिनाचे असे सूक्ष्म तंतू दाखविले. हा बंध मुख्यतः यांत्रिक असून लाखो मुळ्या जमिनीत रुजाव्यात तसे रेझीन दंतवल्कात रुजलेले असते. लिऑन सिल्व्हरस्टोन व त्यांचे सहकारी यांनी १९७५ मध्ये अम्लकोरणाचे तीन नमुने वर्णिले. पहिल्यात शलाकांचे गाभे, तर दुसऱ्यात त्यांच्या कडा अधिक विरघळलेल्या असतात. तिसऱ्यात दोन्हींची सरमिसळ असते. हे तिन्ही नमुने एकाच दातावर शेजारीशेजारी आढळतात. आता बहुधा ३५ ते ३७ टक्के अम्ल १५ ते ३० सेकंद लावतात. याच काळात राफेल बोवेन यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक कार्यालयात बिस-जीएमए हे रेझीन तयार केले (एकस्व १९६२). त्यात काचेसारख्या कठीण पदार्थाची पूड मिसळून बनविलेली संमिश्र भरणे पुढे जगभर रूढ झाली.

नमुन्याची तयारी : परीक्षणासाठी माणसाचे काढलेले दात वापरणे श्रेयस्कर असते. ते सहा महिन्यांपेक्षा जुने नसावेत आणि कधीही सुकू देऊ नयेत, असे सामान्यतः मानतात. जंतुवाढ होऊ नये म्हणून ते सुरुवातीस क्लोरामाइन-टी या द्रव्याच्या विद्रावात व नंतर ऊर्ध्वपातित पाण्यात ठेवतात. पुरेसे दात मिळत नाहीत म्हणून गाईबैलांचे पुढचे दात वापरण्याची प्रथा आहे. नाकामिची, इवाकू व फुसायामा यांनी १९८३ मध्ये केलेल्या तुलनेत दंतवल्काच्या बाबतीत दोहोंमध्ये लक्षणीय फरक आढळला नाही. तथापि एका प्राण्याच्या दातांवर मिळालेला आकडा दुसऱ्याच्या आकड्याशेजारी मांडू नये, हे बरे.

दात रेझिनाच्या किंवा प्लॅस्टरच्या ठोकळ्यात बसवून त्याचा पृष्ठभाग सिलिकॉन कार्बाइडाच्या कागदावर पाण्याखाली घासून सपाट करतात. या साध्या वाटणाऱ्या कृतीने बरेच बदलते. न घासलेल्या दंतवल्काच्या बाहेरील पातळ थरात शलाकारचना स्पष्ट नसते व फ्ल्युओराइड अधिक असते, त्यामुळे तो अम्लाला अधिक दाद देत नाही. घासून उघड्या पडलेल्या शलाकांची टोके पृष्ठभागाकडे आहेत की त्या आडव्या पडल्या आहेत, यावरही बंध अवलंबून असतो. टोकांवर तो चांगला होतो. फ्ल्युओराइडाधिक्याने डागाळलेल्या दातांचा प्रश्न वेगळाच आहे. त्यांचा बाहेरील थर अम्लास जास्त विरोध करतो आणि त्याखालील थर सच्छिद्र व दुबळा असतो. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड यांसारख्या जिल्ह्यांच्या काही भागांत भूजलातील फ्ल्युओराइडामुळे असे दात पुष्कळ आढळतात. म्हणून तेथून गोळा केलेल्या दातांवरील परीक्षणात पाण्याचा इतिहास नोंदविणे आवश्यक ठरते. याखेरीज अम्लकोरणानंतर पृष्ठभागास क्षणभर लाळ लागली किंवा दात पेरॉक्साइडाने नुकतेच उजळले असले, तरी बंध दुबळा होतो. दुसऱ्या प्रकारात दातात उरलेला ऑक्सिजन बहुवारिकीकरणात अडथळा आणतो व काही दिवस थांबल्यास दोष नाहीसा होतो.

कर्तन परीक्षण : सपाट केलेल्या दंतवल्कावर साच्यात भरून संमिश्र रेझिनाची लहान दंडगोलाकार गुंडी घडवितात. तिचा व्यास बहुधा ३ ते ४ मिमी. असतो. नमुना ३७° से. तापमानाच्या पाण्यात २४ तास ठेवून सार्वत्रिक परीक्षण यंत्रात बसवितात. नंतर छिन्नीसारखे पाते किंवा तारेचा फास पृष्ठभागाला समांतर अशा दिशेने, मिनिटाला अर्धा ते एक मिमी. वेगाने, गुंडीवर दाबत नेतात व ती निसटण्याच्या क्षणीची प्रेरणा नोंदतात. उदा., ३ मिमी. व्यासाची गुंडी (क्षेत्रफळ सु. ७·०७ चौ. मिमी.) १४१ न्यूटन प्रेरणेस निघाली, तर बंधसामर्थ्य २० मेगॅपास्कल येते. ही प्रेरणा साधारण साडेचौदा किग्रॅ. वजनाइतकी होय. अम्लकोरित दंतवल्कावर या पद्धतीने सामान्यतः १५ ते ३० मेगॅपास्कल मूल्ये मिळतात.

कृती सुटसुटीत असल्यामुळे ही पद्धत सर्वांत अधिक वापरली जाते. तिचा दोष भागाकारातच आहे. प्रेरणेला क्षेत्रफळाने भागताना प्रतिबल सर्व पृष्ठभागावर सारखे पसरले आहे, असे गृहीत धरले जाते. वास्तविक ते पाते टेकते त्या कडेशी फार मोठे असते व पलीकडे झपाट्याने कमी होते. शिवाय पाते बंधाच्या पातळीपासून किंचित दूर टेकले, तर गुंडी सरकण्याऐवजी उलथू लागते आणि त्या कडेवर कर्तनापेक्षा ताणच अधिक पडतो. म्हणजे कर्तन परीक्षण या नावाने प्रत्यक्षात बहुतेक वेळा ताणाने सुरू झालेली भेग मोजली जाते. फान नूर्ट व त्यांचे सहकारी यांनी १९८९ मध्ये संगणकीय प्रतिबल-विश्लेषणाने हे दाखवून या मापनांवर कठोर टीका केली. भरणद्रव्याची ताठरता, आसंजकाच्या थराची जाडी, गुंडीबाहेर ओघळलेले आसंजक, पात्याचा आकार यांपैकी काहीही बदलले की प्रतिबलाची वाटणी बदलते आणि बंध तोच असूनही आकडा निराळा येतो.

याच कारणाने पूर्वीचा एक समजही सोडून द्यावा लागला. गुंडीबरोबर दाताचाही तुकडा निघून आला, तर ‘बंध दातापेक्षा मजबूत आहे’ असा निष्कर्ष काढण्याची रीत होती. व्हर्स्लुइस व त्यांचे सहकारी यांनी १९९७ मध्ये दंतिनाच्या बाबतीत दाखविले की, प्रेरणा लावण्याच्या ढंगामुळेच भेग दाताकडे वळते. तुकडा निघणे हा बंधाच्या श्रेष्ठतेचा पुरावा नसून परीक्षणाच्या भूमितीचा परिणाम असू शकतो.

प्रयोगशाळांमधील तफावत कमी व्हावी म्हणून आंतरराष्ट्रीय मानकीकरण संघटनेने दाताशी होणाऱ्या आसंजनाच्या परीक्षणासंबंधी आयएसओ ११४०५ हा मार्गदर्शक दस्तऐवज काढला. २०१३ मध्ये आयएसओ २९०२२ या मानकाने कर्तन परीक्षणाची एक विशिष्ट रीत ठरवून दिली. तीत २·३८ मिमी. व्यासाची गुंडी वापरतात आणि पात्याला गुंडीवर नेमकी बसणारी अर्धवर्तुळाकार खाच असते. त्यामुळे प्रेरणा एका बिंदूवर न एकवटता अर्ध्या परिघावर वाटली जाते. या खाचेने आकडे वाढतात, म्हणून सरळ पात्याच्या जुन्या आकड्यांशी त्यांची सांगड घालता येत नाही.

सूक्ष्मताण परीक्षण : जपानी संशोधक हिदेहिको सानो व त्यांचे सहकारी यांनी १९९४ मध्ये चिकटलेला पृष्ठभाग जितका लहान तितके बंधसामर्थ्य अधिक भरते, हे दाखविले. यामागील तत्त्व जुने आहे. ग्रिफिथ यांनी १९२०-२१ मध्ये काचेच्या तंतूंबाबत सांगितल्याप्रमाणे ठिसूळ पदार्थ त्यातील सर्वांत वाईट दोषापाशी तुटतो, आणि लहान नमुन्यात मोठा दोष सापडण्याची शक्यता कमी असते. सानो यांच्या पद्धतीत दात व भरण यांचा जोड हिऱ्याच्या पातळ करवतीने कापून सु. १ चौ. मिमी. छेदाच्या काड्या करतात व प्रत्येक काडी दोन्ही टोकांनी ओढून तोडतात. प्रतिबल अधिक समान पसरते, एका दातापासून अनेक नमुने मिळतात आणि दाताच्या निरनिराळ्या भागांची तुलना करता येते. मिळणारी मूल्ये मात्र कर्तन परीक्षणाच्या सु. दुप्पट, पुष्कळदा ३० ते ५० मेगॅपास्कल असतात. जुन्या पद्धतीने २० मेगॅपास्कल देणारे आसंजक आणि या पद्धतीने ४० देणारे आसंजक यांत दुसरे दुप्पट चांगले, असे म्हणणे निरर्थक होय.

दंतवल्कासाठी ही पद्धत दंतिनाइतकी सोयीची नाही. दंतवल्क ठिसूळ असल्याने करवतीच्या हादऱ्यांनी काही काड्या यंत्रात बसविण्यापूर्वीच तुटतात. त्यांचे काय करावयाचे, यावर एकमत नाही. त्या सोडून दिल्या तर केवळ मजबूत काड्या उरून सरासरी फुगते, आणि शून्य धरल्या तर ती अन्यायाने खाली येते. कोणता मार्ग पत्करला हे न सांगता दिलेली सरासरी वाचकाने विश्वासार्ह मानू नये. एकाच दातातून काढलेल्या वीस काड्या म्हणजे वीस दात नव्हेत, ही दुसरी चूकही संशोधनपर लेखांत वारंवार आढळते.

परिणामांचा अर्थ : एकाच प्रयोगशाळेत, एकाच हाताने केलेल्या परीक्षणातही मूल्ये सरासरीपासून २० ते ५० टक्क्यांपर्यंत विखुरलेली असतात. अशा वेळी सरासरीपेक्षा विखुरण्याला महत्त्व द्यावे लागते. कारण रुग्णाचे भरण सरासरी बंधामुळे निखळत नाही, तर दुबळ्या बंधामुळे निखळते. यासाठी स्वीडिश अभियंते वालोद्दी वैबुल यांचे वितरण वापरतात. त्यातील घातांक मोठा असेल तर बंध भरवशाचा समजतात. सरासरी किंचित कमी पण घातांक मोठा असलेले आसंजक व्यवहारात अधिक श्रेयस्कर ठरू शकते.

ग्रंथांतून वारंवार आढळणारा १७ ते २० मेगॅपास्कल हा किमान आकडाही असाच जपून वापरावा लागतो. संमिश्र रेझीन घट्ट होताना त्याचे घनफळ सु. २ ते ३ टक्के कमी होते व ते दातापासून सुटू पाहते. या ओढीस पुरे पडेल एवढा बंध हवा, असा त्यामागील विचार आहे. परंतु ही ओढ सर्वत्र सारखी नसते. फाइल्झर व त्यांचे सहकारी यांनी १९८७ मध्ये दाखविल्याप्रमाणे भरणाचा चिकटलेला पृष्ठभाग मोकळ्या पृष्ठभागाच्या तुलनेत जितका मोठा, तितकी ओढ जास्त असते. सपाट दंतवल्कावरील गुंडीला ती जवळजवळ नसते, तर पाच बाजूंनी वेढलेल्या पोकळीत ती सर्वाधिक असते. म्हणजे परीक्षण ज्या स्थितीत होते ती सर्वांत सोपी स्थिती होय.

२४ तासांनी घेतलेले मापन बंधाच्या आयुष्याविषयी फारसे सांगत नाही, म्हणून नमुन्यांना मुद्दाम वार्धक्य आणतात. त्यासाठी ते ५° व ५५° से. तापमानांच्या पाण्यात आळीपाळीने बुडवितात किंवा महिनोन्‌महिने पाण्यात ठेवतात. आयएसओ दस्तऐवजात अशा ५०० आवर्तनांचा उल्लेख आहे. गेल व डार्व्हेल यांनी १९९९ मध्ये तोंडातील एका वर्षास सु. १०,००० आवर्तने होत असावीत असा अंदाज केला. तो ग्राह्य धरल्यास ५०० आवर्तने म्हणजे जेमतेम अठरा दिवसांचे आयुष्य होय. अम्लकोरित दंतवल्काचा बंध अशा परीक्षणात चांगला टिकतो. दंतिनाचा बंध मात्र पाण्याने व त्यातील कोलॅजेनाच्या विघटनाने हळूहळू खालावतो. म्हणून भरणाच्या कडा शक्य तेथे दंतवल्कात ठेवतात. वेगळे अम्ल न लावता स्वतःच पृष्ठभाग कोरणारी सौम्य आसंजके (पीएच मूल्य सु. २) दंतवल्कात उथळ कोरण करतात व परीक्षणात कमी पडतात. त्यामुळे ती वापरतानाही केवळ दंतवल्काच्या कडांना आधी फॉस्फोरिक अम्ल लावण्याचा प्रघात पडला आहे. प्रयोगशाळेतील निष्कर्षाने रोजचा व्यवहार सुधारला, याचे हे चांगले उदाहरण म्हणता येईल.

याउलट उदाहरण काच-आयनोमर सिमेंटाचे आहे. लंडन येथील शासकीय रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत ॲलन विल्सन व ब्रायन केंट यांनी शोधलेले व १९७० नंतरच्या दशकात प्रचारात आलेले हे सिमेंट त्यातील कार्बॉक्सिल गटांच्या द्वारे दाताच्या कॅल्शियमाशी रासायनिक बंध जोडते. कर्तन परीक्षणात त्याचे मूल्य बहुधा १० मेगॅपास्कलपेक्षाही कमी भरते, आणि केवळ या आकड्यावरून निवड केली तर ते कोणी हातीही धरणार नाही. प्रत्यक्षात हिरडीलगत झिजलेल्या दातांतील खाचांमध्ये, जेथे भरणाला बंधाखेरीज कसलाच आधार नसतो, तेथे वर्षानुवर्षे टिकण्यात ते अनेक बलवान आसंजकांपेक्षा सरस ठरले आहे. याचा उलगडा तुटलेल्या पृष्ठभागाकडे पाहिल्याने होतो. भेग बहुधा दाताच्या व सिमेंटाच्या सीमेवर नसून सिमेंटाच्या अंगातच पडलेली असते आणि दातावर त्याचा थर शिल्लक राहतो. यंत्राने मोजले ते ठिसूळ सिमेंटाचे स्वतःचे सामर्थ्य होते. बंध त्याहून मजबूत होता, पण किती, हे परीक्षणाने सांगितलेच नव्हते. म्हणून भेग सीमेवर, द्रव्यात, दातात की मिश्र स्वरूपाची पडली, हे सूक्ष्मदर्शकाखाली तपासून प्रत्येक आकड्यासोबत नोंदणे अत्यावश्यक मानतात.

बंध जितका अधिक तितका चांगला, हेही सर्वत्र खरे नाही. वेडेवाकडे दात सरळ करताना दातांवर चिकटविलेल्या धातूच्या किंवा चिनी मातीच्या पकडी दोनएक वर्षांनी काढावयाच्या असतात. रेनल्ड्स यांनी १९७५ मध्ये अशा पकडींसाठी सु. ६ ते ८ मेगॅपास्कल बंध पुरेसा होईल असे सुचविले. त्याहून फार मजबूत बंध, विशेषतः न वाकणाऱ्या चिनी मातीच्या पकडीचा, तोडताना दंतवल्काचाच कपचा निघण्याचा धोका असतो. येथे पकड निघाल्यावर रेझीन दातावर किती उरले, याची शून्य ते तीन अशी श्रेणी लावतात. आर्टुन व बर्गलँड यांनी ती १९८४ मध्ये सुचविली. रेझीन दातावरच राहिलेले बरे, कारण ते नंतर घासून काढता येते. निघालेले दंतवल्क मात्र पुन्हा तयार होत नाही. ज्या पेशी ते घडवितात, त्या दात उगवतानाच नष्ट झालेल्या असतात.